डिस्क एन्क्रिप्शनचं कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? आधी चावी कुठं ठेवणार ते ठरवा

वाचकाचं पत्र:

नमस्कार दादा, मी सोलापुरात सात रस्त्याजवळ जीएसटी आणि इन्कम टॅक्स रिटर्नची कामं करते. ऑफिसात आम्ही तिघं. माझा नवा लॅपटॉप विंडोज ११ होमचा, तो माझ्याबरोबर पुण्याला ये-जा करतो. एक जुना डेस्कटॉप विंडोज १० प्रोचा, त्यावर टॅली. आणि आमच्याकडं काम करणारी एक मुलगी स्वतःचं मॅकबुक आणते. शिवाय एक एक्स्टर्नल हार्डडिस्क, सगळा बॅकअप तिच्यात. मागच्या महिन्यात हुतात्मा एक्सप्रेसनं जाताना कुर्डुवाडीच्या आसपास शेजारच्या माणसाची लॅपटॉपची बॅग गेली, तेव्हापासून झोप उडालीय. माझ्याकडं चादर-टॉवेलच्या कारखानदारांपासून युनिफॉर्म शिवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट आहेत. दुकानदार म्हणतो दरवर्षी पैसे भरायचं एक एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर घ्या. भाऊ म्हणतो व्हेराक्रिप्ट फुकट आहे, ते टाक. मिस्टर म्हणतात नकोच ती भानगड, पासवर्ड विसरलीस तर सगळंच जाईल. कुणाचं ऐकू? आणि कपाटात एक बंद पडलेला जुना लॅपटॉप आहे, तो भंगारात दिला तर चालेल का?

उत्तर:

ताई, नमस्कार. तिघांचं थोडं थोडं बरोबर आहे, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तुमच्या मिस्टरांचं बोलणं. एन्क्रिप्शन नकोच हे काही मला पटत नाही, पण त्यांची भीती अगदी खरी आहे. डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे चावीशिवाय कुणाला वाचताच येणार नाही अशा रूपात सगळा डेटा बदलून ठेवला, आणि ती चावी हरवली तर सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीसुद्धा तो डेटा काढून देऊ शकत नाही, तिला काढता आला असता तर मग चोरालाही काढता आला असता की. सॉफ्टवेअर निवडणं तसं सोपं आहे, तुमच्या बाबतीत तर निम्मं उत्तर तुमच्या मशिनमध्ये आधीच बसलेलं आहे. अवघड आहे ते चावीचं नियोजन, आणि त्याकडं कुणी बघतच नाही, म्हणून मी आज त्यावर जास्त लिहिणार आहे.

आधी आत्ता काय स्थिती आहे ते सांगतो. तुम्हाला वाटत असेल लॅपटॉपला पासवर्ड आहे म्हणजे काहीतरी अडथळा आहे, पण विंडोजचा लॉगिन पासवर्ड म्हणजे दाराला कडी आणि मागची भिंतच नाही असला प्रकार आहे. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली किंवा लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशिन चालू केलं की एन्क्रिप्शन नसलेल्या डिस्कवरचे सगळे फोल्डर तसेच्या तसे दिसतात, पासवर्ड कुणी विचारतसुद्धा नाही. यासाठी हॅकर लागत नाही, नवी पेठेत रिपेअरिंग शिकणारा पोरगा पण दहा मिनिटांत करून दाखवेल. इन्कम टॅक्सच्या एआयएसच्या (वर्षभराच्या व्यवहारांच्या गोषवाऱ्याच्या) पीडीएफला पासवर्ड असतो म्हणाल तर तो पॅन आणि जन्मतारखेचा, आणि क्लायंटचं पॅनकार्ड त्याच फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवलेलं असतं, म्हणजे त्याचा काही उपयोग नाही. टॅलीत टॅलीव्हॉल्ट वापरत असाल तर उत्तम, पण ते फक्त टॅलीतल्या कंपनीच्या डेटापुरतं, बाजूच्या एक्सेल, स्कॅन केलेली आधारकार्डं, मेलवरून उतरवलेली स्टेटमेंटं सगळी उघडीच. म्हणून एकेका फाइलला पासवर्ड लावत बसण्यापेक्षा अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायची, म्हणजे काय झाकायचं काय राहिलं हा हिशेबच डोक्यात ठेवावा लागत नाही.

आता दुकानदार आणि भाऊ यांचं भांडण. विंडोजमधलं बिटलॉकर, मॅकमधलं फाइलव्हॉल्ट, लिनक्समधलं लक्स आणि भावाचं व्हेराक्रिप्ट, ही सगळी मुळात एकच पद्धत वापरतात, एईएस. बेल्जियमच्या दोघा संशोधकांनी बनवलेली, अमेरिकेनं २००१ साली मानक म्हणून स्वीकारली, आणि तेव्हापासून जगभरचे गणिती तिच्यावर डोकं आपटायलेत तरी नीट वापरलेली एईएस फुटलेली नाही. पैसे भरून घेतलेल्या पॅकेजमध्ये यापेक्षा मजबूत काही मिळत नाही. तिथं पैसे असतात ते दुसऱ्याच कामाचे, म्हणजे पाचशे कॉम्प्युटर असतील तर कुणाची डिस्क एन्क्रिप्ट झाली कुणाची नाही ते एका स्क्रीनवर बघणं, सगळ्यांच्या चाव्या एका ठिकाणी सांभाळणं, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं मशिन उघडणं. मोठ्या कंपनीला ते हवंच. तीन मशिनच्या ऑफिसला त्यासाठी दरवर्षी पैसे भरायची मला काही गरज वाटत नाही, त्या पैशात एक दुसरी हार्डडिस्क घ्या, ती का ते पुढं सांगतो.

फुकट आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवावा असंही नाही हां. ट्रूक्रिप्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर २००४ पासून चालू होतं, जगभर लोक वापरायचे, आणि २८ मे २०१४ ला त्याच्या साइटवर अचानक सूचना आली की हे आता सुरक्षित नाही, यात न सुधारलेल्या चुका असू शकतात, बिटलॉकरकडं वळा. बनवणारे कोण होते हे लोकांना नीट माहीत नव्हतं, त्यामुळं विचारायचं कुणाला हाच प्रश्न. व्हेराक्रिप्ट हे त्याच कोडवरून फ्रान्समध्ये पुढं चालवलेलं सॉफ्टवेअर, त्याचा कोड सगळ्यांना बघायला खुला आहे, २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब नावाच्या बाहेरच्या कंपनीनं त्याची तपासणी केली, चुका सापडल्या त्यातल्या गंभीर होत्या त्या बऱ्याचशा दुरुस्त झाल्या. त्यामुळं भावाचा सल्ला वाईट नाही. दुकानदार कुठलंही नाव सांगू दे, त्याला विचारा की याचं शेवटचं अपडेट कधी आलं, बाहेरच्या कुणी तपासलंय का, आणि उद्या कंपनी बंद पडली तर माझी डिस्क मी कशी उघडू. शेवटच्या प्रश्नाला तो अडखळला तर नमस्कार करून बाहेर या.

अजून एक उत्तर दुकानात ऐकायला मिळतं, की एसएसडीमध्ये एन्क्रिप्शन आतच असतं, वेगळं काही नको. नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की चांगल्या नावाजलेल्या काही एसएसडींमधलं हे आतलं एन्क्रिप्शन पासवर्डशिवाय उघडता येत होतं. त्या वेळी बिटलॉकरसुद्धा तसली डिस्क दिसली की काम तिच्यावर सोडून द्यायचं, मग २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते बदललं, आता बिटलॉकर स्वतःच एन्क्रिप्ट करतं. तेव्हा डिस्कच्या खोक्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका.

आता तुमचा लॅपटॉप, कारण बाहेर फिरतो तो हाच. विंडोज ११ होममध्ये पूर्ण बिटलॉकर नसतं पण डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाचं त्याचंच साधं रूप असतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडा, तिथं डिव्हाइस एन्क्रिप्शन दिसेल. आणि बहुतेक तुम्हाला आश्चर्य वाटेल, ते चालूच असू शकतं! विंडोज ११ चं २४एच२ व्हर्जन २०२४ मध्ये आलं, त्यापासून नवीन इन्स्टॉल केलेल्या आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं सुरू केलेल्या मशिनवर हे आपोआप चालू होतं, त्याच्या आधीही बऱ्याच नव्या लॅपटॉपवर व्हायचं. चालू असेल तर तुमचा डेटा आत्ताच एन्क्रिप्टेड आहे, चांगली गोष्ट आहे, पण लगेच दुसरा प्रश्न येतो की मग त्याची रिकव्हरी की कुठाय?

इथं जरा थांबून वाचा. रिकव्हरी की म्हणजे ४८ आकडी नंबर. रोज लागत नाही, रोजचं काम मदरबोर्डवरची टीपीएम नावाची चिप करते, ती मशिन ओळखीचं आहे ना एवढं बघून डिस्क उघडते. पण बायोस (मशिन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला, कुणी बायोसमध्ये जाऊन सेटिंग बदलली, की चिपला मशिन अनोळखी वाटतं आणि निळ्या स्क्रीनवर ४८ आकडे मागितले जातात. होम व्हर्जनमध्ये ही की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आपोआप जमा झालेली असते. कुणाच्या अकाउंटमध्ये? तर लॅपटॉप पहिल्यांदा ज्याच्या अकाउंटनं सेट केला त्याच्या. आणि आपल्याकडं लॅपटॉप घेताना काय होतं, दुकानातला पोरगा म्हणतो थांबा मॅडम मी सगळं टाकून देतो, आणि वेळ वाचवायला स्वतःचा किंवा दुकानाचा इमेल टाकून मोकळा होतो, नाहीतर नवीन अकाउंट उघडतो आणि त्याचा पासवर्ड कुठंच लिहून देत नाही. पोरगा वाईट असतो असं नाही, त्याला माहीतच नसतं की त्या क्षणी तुमच्या सगळ्या डेटाची चावी त्या अकाउंटला जाऊन बसली. दोन वर्षांनी निळी स्क्रीन येते, तोवर पोरगा दुकान सोडून पुण्याला गेलेला असतो, आणि सगळे एकच उपाय सांगतात, फॉरमॅट मारा. माझ्याकडं डोळ्यात पाणी घेऊन जी माणसं आलीत ती चोरी झाली म्हणून नाही, या निळ्या स्क्रीनमुळं आलीत, आणि की नसेल तर कुणाच्याही हातात काही नसतं, हे त्यांना सांगताना फार वाईट वाटतं.

म्हणून आजच्या आज सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून बघा कुठला इमेल आहे. तुमचा नसेल तर आधी स्वतःच्या अकाउंटनं साइन इन करा, मग डिव्हाइस एन्क्रिप्शन एकदा बंद करा, डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या आणि परत चालू करा, म्हणजे नवीन की तयार होऊन तुमच्या अकाउंटला येईल आणि जुनी की निकामी होईल. नंतर मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर जाऊन तुमच्या डिव्हाइसच्या नावाखाली ती की खरंच दिसते का ते डोळ्यानं बघा, दिसेल असं गृहीत धरू नका. लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच नसेल, नुसतं लोकल अकाउंट असेल, तर आणखी एक गंमत असते, डिस्क वरवर एन्क्रिप्ट झालेली पण तिची चावी डिस्कवरच उघडी पडलेली, म्हणजे संरक्षण शून्य. सेटिंग्जमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करून एन्क्रिप्शन पूर्ण करा अशी ओळ दिसली तर हेच समजा. आणि डिव्हाइस एन्क्रिप्शन पर्यायच नसेल तर सिस्टिम इन्फर्मेशन अॅडमिन म्हणून उघडा, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन सपोर्टसमोर कारण लिहिलेलं असतं. तसं झालं तर मी होमवरून प्रोला अपग्रेड करून बिटलॉकर घ्या म्हणेन. व्हेराक्रिप्टनंही विंडोजची अख्खी डिस्क करता येते, पण विंडोजच्या मोठ्या अपडेटच्या वेळी जास्त लक्ष द्यावं लागतं, मशिन सुरूच होईना तर लागणारी रेस्क्यू डिस्क सांभाळावी लागते, आणि ३१ जुलैच्या आठवड्यात असली कटकट तुम्हाला परवडणार नाही.

कंपनीकडं की ठेवणं चालतं का असं कुणीतरी विचारेलच. की मायक्रोसॉफ्टकडं असेल तर कायदेशीर आदेश आल्यावर कंपनी ती देऊ शकते, हे खरं आहे. पत्रकार असाल, वकील असाल आणि तशी भीती असेल तर प्रो व्हर्जन घेऊन की अकाउंटला न पाठवता कागदावर ठेवा. तुमची भीती रेल्वेतल्या चोराची आहे, त्याच्यासाठी अकाउंटला असलेली प्रत सोयीचीच, फक्त त्या अकाउंटला तगडा पासवर्ड आणि मोबाइलवरची दुसरी पडताळणी लावा, नाहीतर मग डिस्कला कुलूप आणि चावी रस्त्यावर.

पण अकाउंटवर एकट्यावर विसंबू नका, कागद हवाच. की छापा किंवा हातानं लिहा, आकडे दोघांनी मिळून वाचून तपासा, सोबत कुठल्या मशिनची ते लिहा आणि की आयडी पण लिहा, कारण निळ्या स्क्रीनवर आयडी दिसतो आणि तीन मशिनच्या तीन की असल्या की ऐन वेळी कुठली कुठली ते कळत नाही. दोन प्रती करा. एक घरी कपाटात दागिन्यांच्या कागदपत्रांबरोबर, दुसरी बँक लॉकरमध्ये किंवा बार्शी-पंढरपूरला माहेर असेल तर तिथं, म्हणजे घर आणि ऑफिस दोन्हीकडं एकदम काही झालं तरी एक प्रत शिल्लक. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायची नाही, लॅपटॉपवरच फाइल करून ठेवायची नाही (लोक हेच करायलेत!), आणि ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात टाकायची नाही. मिस्टरांना पण सांगून ठेवा कुठं आहे ते, त्यांची निम्मी भीती तिथंच जाईल. तुम्ही आजारी पडलात आणि रिटर्नची तारीख आली तर मशिन उघडणारं दुसरं माणूस असलं पाहिजे हा धंद्याचाच भाग आहे.

डेस्कटॉपचं सांगतो. विंडोज १० प्रो आहे म्हणजे बिटलॉकर आतच आहे, विकत काही नको. जुन्या मशिनमध्ये टीपीएम बंद असतं किंवा नसतंच, बायोसमध्ये बघा, इंटेलच्या बऱ्याच मशिनमध्ये पीटीटी नावानं सापडतं. नसेल तर ग्रुप पॉलिसी नावाच्या विंडोजमधल्याच सेटिंगमधून टीपीएमशिवाय बिटलॉकर चालवायची परवानगी देता येते, मग चालू करताना पासवर्ड टाकावा लागतो, ऑफिसातल्या मशिनला ते काही वाईट नाही. एन्क्रिप्ट करताना तो विचारतो फक्त वापरलेली जागा की पूर्ण ड्राइव्ह. नवीन कोऱ्या मशिनला पहिला पर्याय चालतो, तुमच्या डेस्कटॉपला दुसराच घ्या, कारण गेल्या कित्येक वर्षांत डिलीट केलेल्या क्लायंटच्या फाइल्स डिस्कवर रिकाम्या दिसणाऱ्या जागेत अजून पडलेल्या असतात आणि पहिला पर्याय घेतला तर त्या तशाच उघड्या राहतील. साध्या हार्डडिस्कवर याला कित्येक तास लागू शकतात, शनिवारी संध्याकाळी लावून जा. लाइट गेली तर? बिटलॉकर अर्धवट राहिलं तरी परत चालू झाल्यावर तिथून पुढं जातं, तसंच बनवलंय ते, तरी पण यूपीएस जोडा, आणि सुरू करायच्या आधी पूर्ण बॅकअप घ्या, ही अट आहे, सूचना नाही. जुनी हार्डडिस्क मरायला टेकलेली असेल तर तिच्यावरचा प्रत्येक सेक्टर वाचून परत लिहिण्यात ती तिथंच मान टाकू शकते.

मशिन हळू होईल का हे तुम्ही विचारलं नाही पण मनात असणारच. इंटेलनं २०१० पासून आपल्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी वेगळ्या सूचना बसवायला सुरुवात केली, त्या असलेल्या मशिनला ऑफिसच्या कामात फरक जाणवत नाही. टॅली हळू चालतंय म्हणून एन्क्रिप्शनला दोष द्यायच्या आधी रॅम आणि डिस्क बघा. आणि हो, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मशिनवर इंटरनेट आणि क्लायंटचा डेटा दोन्ही असेल तर ते बदलायचं नियोजन करायलाच लागेल, एन्क्रिप्शन त्याची भरपाई करत नाही.

मॅकबुकचं काम एका ओळीचं, सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत फाइलव्हॉल्ट चालू करायचं, रिकव्हरी की मिळते २४ अक्षरं-आकड्यांची, ती लिहून ठेवायची. ॲपलच्या चिपचे मॅक डिस्क आधीपासून एन्क्रिप्टच ठेवतात, फाइलव्हॉल्ट चालू केलं की ती उघडायला मॅक वापरणाऱ्याचा पासवर्डही लागतो, म्हणून चालू करणं गरजेचं. पण मॅक त्या मुलीचा आहे, तुमचा नाही, त्यावर क्लायंटचा डेटा ठेवायचा का हा वेगळा प्रश्न आहे आणि माझं उत्तर आहे नाही. नोकरी सोडली की डेटा तिच्याबरोबर जाणार, आणि त्याची जबाबदारी क्लायंटसमोर तुमची.

एक्स्टर्नल हार्डडिस्क ही माझ्या मते तुमच्याकडची सगळ्यात धोकादायक वस्तू. मुठीत मावते, सगळा डेटा एकाच ठिकाणी, आणि हरवली तर आठवडाभर कुणाला कळत नाही. फक्त विंडोजवर लागणार असेल तर डेस्कटॉपच्या प्रोवरून बिटलॉकर टू गो (बाहेरच्या डिस्कसाठीचं बिटलॉकर) लावा, तुमच्या होम लॅपटॉपवर ती तयार करता येत नाही पण पासवर्ड टाकून उघडता येते, काम चालतं. मॅकवर पण उघडायची असेल तर इथं भावाचं व्हेराक्रिप्ट बरोबर, ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. फक्त अख्खी डिस्क व्हेराक्रिप्ट करू नका, डिस्कवर एक मोठी कंटेनर फाइल बनवा. कारण अख्खी केलेली डिस्क विंडोजला जोडली की विंडोज तिला ओळखत नाही आणि विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करायची का, आणि ऑफिसातलं कुणीतरी घाईत हो म्हणतं. कंटेनर असेल तर साधी एक फाइल दिसते, ती व्हेराक्रिप्टमधून उघडली की वेगळा ड्राइव्ह म्हणून येते, काम झालं की बंद करायची. तिच्या हेडरचा बॅकअप घ्यायची सोय टूल्समध्ये आहे, ती वापरा, फाइलचा तो सुरुवातीचा तुकडा बिघडला तर बरोबर पासवर्ड असूनही उघडायची पंचाईत होऊ शकते.

व्हेराक्रिप्टला चिप वगैरे काही नसते, सगळा भार पासवर्डवर, म्हणून तो २० अक्षरांपेक्षा मोठा घ्या. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द इंग्रजी लिपीत लिहिले की लांबी पण होते आणि लक्षात पण राहतं. सिद्धेश्वर, गड्डा, मुलांची नावं, गाडीचा नंबर हे नको, तुम्हाला ओळखणारं कुणीही आधी तेच टाकून बघेल. मराठी कीबोर्डवर टाइप केलेला पासवर्ड पण नको, दुसऱ्या मशिनवर तो कीबोर्ड नसेल तर अडकाल.

आणि आता ती दुसरी हार्डडिस्क. बॅकअप एकाच डिस्कवर म्हणजे बॅकअप नाही, दोन घ्या, दोन्ही एन्क्रिप्टेड, एक ऑफिसात आणि एक घरी, आठवड्याला अदलाबदल. एन्क्रिप्टेड डिस्क बिघडली तर साध्या डिस्कसारखं तुकडे तुकडे डेटा गोळा करणं फार अवघड जातं, म्हणून एन्क्रिप्शन करणाऱ्याला दुसरी प्रत इतरांपेक्षा जास्त गरजेची. महिन्यातून एकदा घरच्या डिस्कवरून एखादी जुनी फाइल उघडून बघत जा.

प्रवासाबद्दल एक सवय बदला. झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप बंद नसतो, झोपलेला असतो, आणि तेव्हा डिस्कची चावी मेमरीत जिवंत असते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८ मध्येच मेमरीच्या चिप थंड करून त्यातून चावी काढून दाखवली होती. कुर्डुवाडीचा चोर हे करणार नाही, पण बंद मशिनला जे संरक्षण मिळतं ते झोपलेल्याला पूर्ण मिळत नाही, म्हणून स्टेशनवर निघताना शट डाउन करा, अर्धा मिनिट लागतो. पुढं कधी प्रो घेतलंत तर बिटलॉकरला चालू होतानाचा पिन पण लावा, काही मशिनमध्ये टीपीएम चिप आणि प्रोसेसरमधल्या तारांवरून जाणारी चावी टिपता येते हे अभ्यासकांनी दाखवलंय, पिन असला की ते जमत नाही. आणि रिपेअरिंगला देताना पासवर्ड बिलावर लिहून द्यायची आपल्याकडची पद्धत आहे ती मोडा, स्क्रीन किंवा बॅटरी बदलायला पासवर्ड लागत नाही, फारच गरज असेल तर समोर बसून स्वतः टाका.

मशिन चालू असताना मात्र हे सगळं गप्प असतं हे लक्षात ठेवा. खोट्या मेलमधली फाइल उघडली आणि रॅन्समवेअर (फाइल्स अडवून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर डिस्क एन्क्रिप्शन ते अडवत नाही, कारण तुम्ही लॉगिन केलंय म्हणजे डिस्क उघडीच आहे. तिथं परत तो घरी ठेवलेला, मशिनला न जोडलेला दुसरा बॅकअपच कामाला येतो.

क्लायंटच्या डेटासाठी एवढं सगळं का करावं असं वाटलं तर कायदाही तेच सांगतो. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यात डेटा सांभाळायच्या उपायांत एन्क्रिप्शनचं नाव घेतलंय आणि योग्य काळजी न घेतल्याचा दंड कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तुमच्या एवढ्या ऑफिसला तेवढा दंड होईल असं घाबरवायचं नाही मला, नियमही टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखानदारानं विश्वासानं कामगारांची आधारकार्डं तुमच्याकडं दिलीत, ती ज्यांची आहेत त्यांना तर तुमचं नावही माहीत नाही, त्यांच्यासाठी एवढं करायलाच हवं.

राहिला कपाटातला लॅपटॉप. तो तसाच भंगारात देऊ नका. लॅपटॉप बंद पडला म्हणजे डिस्क बंद पडली असं नसतं, बहुतेक वेळा बिघाड बोर्डाचा असतो आणि डिस्क ठणठणीत असते, आणि त्या काळात एन्क्रिप्शन लावलेलं असायची शक्यता कमी. मागचे स्क्रू काढून डिस्क बाहेर घ्या, एखाद्या यूएसबी केसमध्ये घालून डेस्कटॉपला जोडून बघा, काही जुनी रिटर्न्स लागणार असतील तर काढून घ्या. मग साधी फिरणारी हार्डडिस्क असेल तर अख्खी पुसून काढा, नुसतं क्विक फॉरमॅट नाही. एसएसडी असेल तर फाइलवर फाइल लिहून पुसणं भरवशाचं नसतं, ती आतल्या आत जागा बदलत राहते, तिला बनवणाऱ्या कंपनीच्या टूलनं सिक्युअर इरेज (सगळं एकदम पुसायची आज्ञा) द्या. चालतच नसेल तर फिरणाऱ्या डिस्कच्या आतल्या तबकड्यांना किंवा एसएसडीच्या प्रत्येक काळ्या चिपला ड्रिलनं भोकं पाडून मग द्या. उरलेला लॅपटॉप डिस्कशिवाय भंगारात किंवा ई-कचऱ्यात खुशाल द्या.